धान्याच्या खोलीची खिडकी

पौर्णिमा मेहरे समोर बसली की बायका बोलायला लागत. ती काही विचारायची नाही. नुसती मांडी घालून बसायची, मधूनच "मग?" म्हणायची, आणि समोरची बाई नणंदेच्या टोमण्यांपासून स्वतःच्या पाठीच्या मणक्यापर्यंत सगळं सांगून मोकळी व्हायची.

हे ती आईच्या पाटीमागे बसून शिकली होती. बाप केशवराव वलगावला मळ्यात वांगी, पालक, कोथिंबीर काढायचा आणि आई शकुन ते अमरावतीच्या बाजारात विकायची. शाळा सुटली की पौर्णिमा आईच्या मागे पोत्यावर बसून गणितं सोडवायची. पुढे गिऱ्हाईक बाई वांगं उलटंपालटं करत सुरू व्हायची, "शकुनबाई, काल आमच्या घरी लय तमाशा झाला वं..." शकुन ऐकायची, तराजू उचलायची, वरून मूठभर मिरच्या टाकायची. बाई येताना जड असायची, जाताना भाजीची पिशवी भरलेली असूनही हलकी वाटायची.

पौर्णिमानं पुढे इंटिरियर डिझाइन घेतलं. शेवटच्या वर्षी सहा महिने कुणातरी आर्किटेक्टच्या हाताखाली काम करावं लागतं. त्याशिवाय कॉलेज पदवी देत नाही. तिला अकोल्याच्या गजेंद्र सरांकडे जागा मिळाली. तिच्याच वर्गातली करिश्मा तिच्याबरोबर होती. दोघींनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली.

पहिल्या दिवशी दोघी ऑफिसात पोचल्या आणि करिश्मा कानात कुजबुजली, "बघ आता. पहिलं वाक्य, 'चहा सांगून ये गं.' लावते का पैज?"

तेवढ्यात सर स्वतः ट्रे घेऊन आत आले. तीन कप.

"माझ्याकडे इंटर्न चहा आणत नाही," ते म्हणाले. "मी आणतो. साखर कमी आहे, सवय करून घ्या. आता सांगा, घराचा नकाशा कोणाला विचारून काढायचा?"

"क्लायंटला," करिश्मा म्हणाली.

"क्लायंट म्हणजे कोण? सही करतो तो?" सरांनी मान हलवली. "नाही. त्या घरात जो सगळ्यात जास्त वेळ उभा असतो, त्याला विचारायचं."

"म्हणजे फ्रिजला," करिश्मा पुटपुटली.

सर खदखदून हसले. पौर्णिमा हसली नाही. तिला ते वाक्य असं काही लागलं, की त्या दिवसापासून गजेंद्र सर म्हणतील ते प्रमाण. आणि सर होतेही तसेच. रागावायचे नाहीत, रेघ चुकली तर स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसायचे, "बेटा, या दारातून कपाट जाईल का सांग बरं," असं विचारून चूक तिच्याच तोंडून काढून घ्यायचे.

थंडीच्या सुरुवातीला चंद्रभानजींचं काम आलं. दर्यापूरच्या पलीकडे त्यांचं गाव. काळी कसदार जमीन, अकोटच्या जिनिंगमध्ये भागीदारी, आणि आता रस्त्याला लागून असलेल्या शेताच्या तुकड्यावर दोन मजली घर बांधायचं होतं. पहिल्याच भेटीत सरांनी ओळख करून दिली, "ही आमची पौर्णिमा. वहिनींशी ही बोलेल."

"वहिनीशी काय बोलाचं?" चंद्रभानजी म्हणाले. "सैपाकघर मोठं काढा, झालं. तिले काय समजते नकाशातलं."

पौर्णिमा आत गेली. दुर्गाबाई स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पन्नाशीच्या, अंगानं उंच, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"कोनाची वं तू?"

"वलगावच्या मेहरेंची."

"माळ्याची?"

"हो काकू."

"मंग बस खाली. खुर्ची कायले पाहून राहिली? घे ह्या शेंगा."

पौर्णिमानं पर्स बाजूला ठेवली आणि शेंगा सोलायला घेतल्या. त्या दिवशी ओटा किती उंच हवा, पाण्याची टाकी कुठे, एवढंच झालं. पुढच्या खेपेला देव्हारा झाला. त्याच्या पुढच्या खेपेला चंद्रभानजी जिनिंगवर गेले होते, सर बाहेर मोजमापं घेत होते, आणि दुर्गाबाईंनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली.

"एक खोली अजून पाह्यजे."

"कोणती?"

"धान्याची म्हन."

"म्हन म्हणजे?"

"म्हन म्हंजे म्हन. कागदावर धान्याची लिव. पन तिले खिडकी पाह्यजे. मोठी, रस्त्यावरचं मानूस दिसन अशी. अन् संडास-मोरी आतच."

पौर्णिमाला हसू आलं. "काकू, धान्याले संडास?"

दुर्गाबाई हसल्या नाहीत. "मायी माय हाय अकोटले," त्या म्हणाल्या. "वच्छलाबाई नाव. एकटी राह्यते. आमी साऱ्या बहिनीच, भाऊ नाई. डोयानं दिसत नाई तिले आता बराबर. गेल्या पानकाळ्यात मोरीत पडली, तं शेजारीन येयेपर्यंत तशीच पडून होती. मले सांगतलंसुदिक नाई. शेजारनीनं सांगतलं."

"मग?"

"मंग काय! ह्याइले म्हनलं, आनू का तिले. तं म्हने, जावयाच्या घरी म्हतारी ठेवाची आमच्या खानदानीत रीत नाई. लोक म्हनतीन चंद्रभान सासू पोसून राह्यला." त्यांनी शेंग फोडली, दाणे टोपल्यात टाकले. "म्या ठरवलं, बोलाचंच नाई. घर होऊ दे. खोली तयार राह्यली की मायले डोयाच्या आपरेशनले आनीन. आली की राह्यते ते. आलेल्या म्हतारीले खोलीतून बाहेर काढाची हिंमत ह्याइच्यात नाई, मले मालूम हाय. पन आधी समजलं, तं खोलीच होऊ देनार नाई."

पौर्णिमानं वही काढली आणि पेन्सिलीनं खोली काढून दाखवली. दुर्गाबाईंनी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली.

"मले यातलं काईच समजत नाई, बाप्पा."

मग पौर्णिमानं खडू मागितला. मागच्या अंगणात फरशी होती, तिच्यावर तिनं टेपनं मोजून खरीखुरी खोली आखली. ही भिंत, हे दार, ही खिडकी. दुर्गाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. आधी दारातून आत आल्या, भिंतीवरून पाय नाही टाकला. खिडकीपाशी थांबून बाहेर पाहिलं. तिथे प्रत्यक्षात तुळशीचं वृंदावन आणि गोठा होता, पण त्या रस्ता पाहत असाव्यात. मग एकदम फरशीवर आडव्या झाल्या.

"हे खाट," झोपूनच त्या म्हणाल्या. "आता माय उठली. हात कुठी टेकवन?"

पौर्णिमानं भिंतीला दांडी आखली.

"दांडी बरी. अन् मोरीचा उंबरा?"

"उंबरा नाही ठेवत. सपाट ठेवू, घसरत नाही अशी फरशी लावू."

दुर्गाबाई तशाच पडून राहिल्या. डोळे मिटलेले. मग उठल्या, बादली आणली आणि खडूची खोली स्वतःच्या हातानं धुऊन काढली.

"कोनाले सांगशीन नाई?"

"नाही काकू."

"तुह्या सायबालेबी?"

"त्यांनाही नाही."

"जाय मंग. मले आता लेक नसल्याचं दुःख नाई," त्या म्हणाल्या, आणि तिच्या पर्समध्ये तुरीच्या दाण्यांची पुरचुंडी कोंबली.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी नकाशा तपासायला घेतला. लाल पेन फिरत फिरत मागच्या खोलीपाशी आलं आणि थांबलं.

"पौर्णिमा, हे काय? धान्याच्या खोलीला कमोड?"

"ज्वारीला लागली असेल, सर," करिश्मा कॉम्प्युटरमागून म्हणाली.

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग हसतच त्यांनी त्या खोलीवर फुली मारायला पेन टेकवलं.

"सर, काढू नका."

"का गं?"

पौर्णिमानं करिश्माकडे नजर टाकली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, करिश्माला कुरिअरचं विचारायला खाली पाठवलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. "बेटा, कारण सांगितलंस तर ठेवतो. नाहीतर मला हे काढावंच लागेल. उद्या माझ्या सहीनं हा नकाशा जाणार आहे."

तिच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. शब्द ठेवायचा तर खोली जाणार, आणि खोली ठेवायची तर शब्द. अंगणात झोपून भिंतीला हात शोधणारी बाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, मोरीतल्या पडण्यापासून डोळ्याच्या ऑपरेशनपर्यंत.

सर ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. खरोखर आले, तेच तिला नंतर जास्त लागत राहिलं.

"माझी आई हॉलमधल्या दिवाणावर गेली," ते म्हणाले. "पाहुणे आले की उठून बसायची बिचारी. तो फ्लॅट मीच डिझाइन केला होता. दुसऱ्यांच्या घरात गेस्ट रूम काढत फिरत होतो तेव्हा." त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "ही खोली आता माझी जबाबदारी. डॉक्टर पेशंटचं बाहेर सांगतो का? तसंच आपलं. माझ्या तोंडून जाणार नाही."

एवढंच नाही, त्यांनी पेन्सिल घेऊन खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली. "इथे सकाळचं ऊन येईल. कमी दिसणाऱ्या माणसाला ऊन कळतं."

करिश्मा परत आली. रात्री पोळ्या लाटताना तिनं विचारलं, "सांगितलंस ना त्यांना?"

"सांगावं लागलं."

"सर गोड आहेत गं," करिश्मा म्हणाली. "पण सर सगळ्यांशीच गोड आहेत. त्याचं काय करशील?"

पौर्णिमाला तिचा राग आला. पोळी करपली.

नकाशा दाखवायला सर, पौर्णिमा दोघे गावी गेले. चंद्रभानजींनी बैठकीत सतरंजीवर कागद पसरला, चारही कोपऱ्यांवर हाताशी आलं ते ठेवलं: अडकित्ता, मोबाइल, गाडीची किल्ली, पाण्याचा गडू. एकेक खोलीवर बोट ठेवत गेले. हॉल पसंत. जिना पसंत. बोट मागे सरकलं.

"धान्याची खोली. बरं. आता हे खिडकी येवढी मोठी काहून? उंदरं-पाखरं जेवाले बोलवाचे हायेत का?"

सर हसले. "हवा खेळती राहावी म्हणून."

"धान्याले हवा नोको असते, सायेब, बंद कोठी लागते. अन् हे काय? भिंतीले लागून संडास? अरे बाप्पा, जवारीले ओल लागन नं! गहू तोंडात घालाच्या लायकीचा राह्यनार नाई. कोनं काढलं हे?"

पौर्णिमानं नकाशातल्या त्या खोलीकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी धान्याची म्हटलं आणि तिनं तसंच लिहिलं, हीच तर तिची चूक झाली होती. माळ्याच्या घरात भाजी येते आणि संध्याकाळपर्यंत जाते. वर्षाचं धान्य भरून ठेवणाऱ्या माणसाला कोठीचं खोटं चित्र दाखवता येत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कपड्यांची खोली म्हटलं असतं, पाहुण्यांची म्हटलं असतं, तर तो माणूस कदाचित पुढे सरकला असता.

"मी काढलं, काका," ती म्हणाली. "ओल येऊ नये म्हणून मधली भिंत जाड..."

"पोरी, मले नोको शिकवू." चंद्रभानजींनी गडू उचलला, कागदाचा कोपरा आपोआप गुंडाळला गेला. "गजेंद्रभाऊ, माह्या साडभाऊनं अमरावतीचा एक आर्किटेक सांगतला होता. म्या म्हनलं नाई, आपला अकोल्याचा मानूस हाय. अन् तुमी पोट्ट्याइच्या हातानं घर काढून राह्यले माह्यं?"

दुर्गाबाई तेवढ्यात चहा घेऊन दारात आल्या होत्या. पौर्णिमानं सरांकडे पाहिलं. सर आता काहीतरी सांगतील याची तिला खात्री होती. सरांना सगळं सांगता येतं. ते म्हणतील चूक झाली, पाहुण्यांची खोली करू; म्हणतील गडीमाणसाला झोपायला होईल. काहीही.

सरांनी चंद्रभानजींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मिस्कील हसले.

"अहो, रागावता काय! चूक आमची नाही, घरच्या होम मिनिस्टरची फर्माईश आहे. अकोटच्या आजी येणार आहेत ना तुमच्याकडे राहायला."

"कोन येनार?"

"सासूबाई तुमच्या. वहिनींनी पौर्णिमाला विश्वासात घेऊन सांगितलं. पोरगी हुशार आहे आमची, बायकांच्या मनातलं बरोबर काढून आणते."

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, सरांकडे पाहिलं नाही. त्यांनी पौर्णिमाकडे पाहिलं. मग पुढे येऊन ट्रे खाली ठेवला, पहिला कप तिच्यापुढे धरला.

"घ्या मॅडम."

"काकू..."

"थंडा होईन."

चंद्रभानजींचा आवाज चढला नाही, तेही बरं नव्हतं. "ते खोली काढून टाका," ते म्हणाले. "तथी टीवी पाहाची खोली करा. मोठा परदा लावून."

"होम थिएटर! वा, काय सुचलं तुम्हाला!" सरांनी खिशातून पेन काढलं, आणि ज्या भिंतीला त्यांनी स्वतःच्या हातानं ऊन आणलं होतं तिथली खिडकी दोन रेघांत बुजवून टाकली. पडद्यावर उजेड येऊन चालत नाही.

गाडी परतीच्या वाटेला लागली. कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या दोन्ही बाजूंना.

"सर, तुम्ही म्हणाला होता, तुमच्या तोंडून जाणार नाही."

"बेटा, काम हातातून जात होतं. पाहिलंस ना तू? आणि मी खोटं काय बोललो? आज ना उद्या त्यांना कळणारच होतं. नवरा-बायकोतली गोष्ट आहे, ते बघून घेतील. उलट मी विषय काढून दिला, वहिनींचं काम सोपं केलं."

"त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता."

"तेच सांगतोय." सरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं, आवाजात तीच खुर्ची ओढून शेजारी बसण्याची माया. "त्यांनी तुझ्यावर ठेवला होता. मला कोणी सांगितलं, पौर्णिमा? मला काही स्वप्न नव्हतं पडलं."

तिनं मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

शनिवारी ती वलगावला गेली. शकुन ओसरीत पालकाच्या जुड्या बांधत होती. पौर्णिमानं शेजारी बसून सगळं सांगितलं. आईचे हात जुड्या बांधत राहिले.

"तू काहून सांगतलं त्याले?"

"खोली वाचावी म्हणून, आई. ते पुसून टाकत होते."

"पुसू द्याची. तिले जाऊन सांगाचं, काकू, पुसून राह्यले, आता काय करू. तिची खोली, तिनं ठरवलं असतं." शकुननं जुडीला सुतळीची गाठ मारली. "बायाईनं भाजी घेता घेता मले काय काय सांगतलं असन! म्या तुह्या बापाले नाई सांगतलं आजलोक. अन् हा तं मानूस चांगलाच हाय माहा."

ओट्यावर बसलेले केशवराव खाकरले. "काय काय सांगतलं वं?"

"गप राहा तुमी," शकुन म्हणाली. पौर्णिमाला हसू येतायेता रडू आलं.

तिनं दुर्गाबाईंना फोन केले. उचलले गेले नाहीत.

भूमिपूजनाला सरांनी ऑफिसातले सगळेच नेले. शेताच्या तुकड्यावर मंडप, देवमन मिस्त्री चुन्याची फक्की आणि दोऱ्या घेऊन तयार, गुरुजींनी चौरंग मांडलेला. पाट दोन होते. एकावर चंद्रभानजी फेटा बांधून बसले होते. दुसरा रिकामा.

"यजमानीणबाईंना बोलवा," गुरुजी म्हणाले. "मुहूर्त निघून जाईल."

चंद्रभानजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरांना जवळ बोलावलं. "काल सकाळीच गेली अकोटले. म्हने, माय एकटी हाय. फोन उचलत नाई माहा." मग त्यांची नजर पौर्णिमावर आली. "ए पोरी. तू लाव. तुह्याशी बोलते ते."

"माझ्याशीही नाही बोलत आता, काका."

"लावून तर बघ, बेटा," सर म्हणाले. अगदी हळू, समजुतीनं. "तुला जमतं ते. सगळे पाहुणे बसलेत. म्हणावं, एवढी पूजा होऊ दे, मग बसून बोलू. तू म्हटलंस तर येतील त्या."

करिश्मानं पौर्णिमाचा दंड धरला. "नको लावू," ती पुटपुटली.

पण पौर्णिमाला तो आवाज ऐकायचा होता. तिनं फोन लावला. या वेळी उचलला गेला.

"बोल."

"काकू, मी पौर्णिमा. साइटवर आहे. तुमची वाट पाहून राहिले सगळे."

"कोनाच्या वतीनं बोलून राह्यली तू? ह्याइच्या, का सायबाच्या?"

मांडवात सगळे तिच्याकडे पाहत होते. सर मान हलवत होते, हो, हो, बोल. चंद्रभानजी फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"दोघांनीही फोन लावायला सांगितला," ती म्हणाली. "मी माझं सांगते. खोली काढून टाकली, काकू. तिथं टीव्हीची खोली आहे आता. आज त्याचीच आखणी आहे. तुम्ही पूजेला आल्यानं काही बदलणार नाही. मला माफ करा, मीच सरांना सांगितलं होतं."

"पौर्णिमा!" सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

पलीकडे मागे कोणीतरी म्हातारं माणूस विचारत होतं, कोन हाय वं, दुर्गे, कोन हाय?

"कोनी नाई, माय," दुर्गाबाई तिकडे तोंड करून म्हणाल्या. आणि मग फोनमध्ये, "खरं बोलली, बरं केलं. माफ-बिफ नोको मांगू. मले जमनार नाई ते. अन् इकळे अकोटले येजो नोको." फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?" गुरुजींनी विचारलं.

"येत नाहीत."

चंद्रभानजी पाटावरून उठतील असं वाटलं. थोडे हललेही. पण समोर सोयरे बसले होते, जिनिंगचे भागीदार बसले होते. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

"अडचण नाही," ते म्हणाले. "पत्नीच्या जागी सुपारी ठेवून संकल्प करता येतो. शास्त्रात सोय आहे."

त्यांनी रिकाम्या पाटावर विड्याचं पान ठेवलं, पानावर एक सुपारी, सुपारीवर हळद-कुंकू. चंद्रभानजींनी तिच्याकडे न पाहता हात जोडले. मंत्र सुरू झाले. कोणीतरी म्हणालं, चला, होऊन गेलं बुवा. मिस्त्रीनं फक्की सोडायला घेतली आणि काळ्या मातीवर पांढरी रेघ सरळ, न अडखळता मागच्या भिंतीपर्यंत गेली.

"पौर्णिमा, फोटो घे," सर म्हणाले. राग गिळून पुन्हा ते मऊ झाले होते. "पाट दिसू देऊ नको, गुरुजी आणि चंद्रभानजी घे फक्त. आणि संध्याकाळी बोलू आपण. अकोटरोडला एक नवीन काम आहे, तिथल्या वहिनी कोणाशीच बोलत नाहीत म्हणे. तुझ्यासारखीच लागेल तिथे."

पौर्णिमानं टेप देवमन मिस्त्रीच्या हातात दिला.

"मी नाही येणार, सर."

"आजचं मनावर घेऊ नकोस."

"आजचं नाही."

"अजून दीड महिना बाकी आहे तुझा. मी सही केल्याशिवाय कॉलेज काय म्हणेल ठाऊक आहे ना? केलेलं सगळं वाया."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि चुन्याची रेघ ओलांडून रस्त्याकडे निघाली. मागून करिश्मानं हाक मारली, पण ती आली नाही. तिलाही सही हवी होती, आणि पौर्णिमानं त्याबद्दल तिला कधी बोल लावला नाही.

कॉलेजनं दुसरीकडे पहिल्यापासून सहा महिने करायला लावले. आता ती अमरावतीतच एका मॉड्युलर किचनच्या दुकानात आहे. लोकांच्या घरी जाते, ओटे मोजते, कपाटं बसवून देते. स्वच्छ, वेळेवर काम. मालक खूश आहे. चंद्रभानजींच्या घराचा स्लॅब टाकून झाला, हे करिश्मानं फोनवर सांगितलं. दुर्गाबाई अजून अकोटलाच आहेत, हेही.

परवा साईनगरात एका बाईंकडे माप घ्यायला गेली होती. बाई साठीच्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, पौर्णिमाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. तो चेहरा तिला लांबूनही ओळखता येतो.

"पोरी, खरं सांगू का," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "हे वरचं एक कपाट मले किल्लीवालं पाह्यजे. सुनेले माहीत नोको पडाले. त्याचं असं हाय बघ..."

"काकू," पौर्णिमा म्हणाली, "का पाहिजे ते नका सांगू."

बाई थांबल्या. "काहून वं?"

"किल्लीचं कपाट देते. रुंदी किती पाहिजे तेवढं सांगा."

बाईंनी पदर सावरला. जरा दुखावल्यासारख्या झाल्या. टेपचं टोक त्यांनीच भिंतीला धरून ठेवलं, दुसरं पौर्णिमानं ओढत नेलं, आणि माप होईपर्यंत त्या स्वयंपाकघरात दोघींपैकी कोणी एक शब्द बोललं नाही.